रुग्णकेंद्री संशोधनाचा निधी: प्रगती मोजावी की परिणाम?

रुग्णकेंद्री आरोग्य संशोधनाला, म्हणजे रुग्णांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नांवरील संशोधनाला, दिलेल्या निधीचा मागोवा दोन प्रकारे घेता येतो. पहिल्या पद्धतीत प्रकल्पाची प्रगती पाहिली जाते: किती रुग्णांची नोंदणी झाली, हप्ता कधी खर्च झाला, निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आले का, शोधनिबंध छापून आला का. ही माहिती तपासायला सोपी असते आणि रखडलेला प्रकल्प त्यातून लवकर लक्षात येतो.

दुसरी पद्धत परिणाम शोधते, आणि तिथेच खरा कस लागतो. चंदगड किंवा गगनबावड्याहून एसटीने कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात येणाऱ्या मधुमेही रुग्णाला शोधनिबंधांच्या संख्येशी फारसे देणेघेणे नसते. पायाची जखम भरली का, कामाचा खाडा आणि औषधांचा खर्च कमी झाला का, निष्कर्ष आपल्याला मराठीत कुणी सांगितले का, हे त्याचे प्रश्न आहेत. मात्र त्यांची उत्तरे मिळायला वर्षे लागतात, आणि झालेली सुधारणा त्याच संशोधनामुळे झाली, हे सिद्ध करणे अवघड असते.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या पीकोरी (PCORI) या रुग्णकेंद्री संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेवर निष्कर्ष रुग्णांना समजतील व उपयोगी पडतील अशा रीतीने पोहोचवण्याचे बंधन आहे. हे बंधन मला फार मोलाचे वाटते.

कोल्हापुरातील एखाद्या न्यासाला असा निधी द्यायचा असेल, तर त्याने प्रगतीची नोंद मोजक्या बाबींपुरती ठेवावी, परिणामांवर अधिक भर द्यावा आणि रुग्णांच्या पुढील पाठपुराव्याची तरतूद निधी मंजूर करतानाच अंदाजपत्रकात करून घ्यावी.