दिवाळीला घरी बनवून काय द्यायचं: चिवडा, संत्र्याच्या सालीची कँडी, उटणं की मेणाच्या पणत्या?

आमची धाकटी वहिनी यंदा पहिल्यांदाच दिवाळीला घरी बनवलेल्या वस्तू देणार आहे. काल फोनवर म्हणाली, ताई, जो तो वेगळंच सांगून राहिला, तुम्हीच सांगा नं नेमकं काय करू. चारही प्रकार मी केलेले आहेत, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते, दुसऱ्या कोणाचं पण असंच अडलं असेल तर कामी येईल.

आधी एक कागद घ्या आणि कोणाकोणाला द्यायचं ते लिहा, नागपुरातले वेगळे आणि पार्सलनं पाठवायचे वेगळे, कारण अर्धा निर्णय तिथंच होतो.

चिवडा सगळ्यात सोपा, एका संध्याकाळचं काम. एक किलो पातळ पोहे, पाव किलो फल्लीदाणे, पाव किलो फुटाण्याची डाळ, खोबऱ्याचे काप, गोडलिंबाचा भरपूर पाला, एवढ्यात पाव-पाव किलोची सात पाकिटं आरामात निघतात. पोह्यांना आधी उन्हात ठेवा, मग मंद गॅसवर कुरकुरीत होईस्तोवर परता, आणि पाला तेलात पूर्ण कडक झाला पाहिजे, तो जरा मऊ राहिला तर त्याच्या ओलाव्यानं अख्खा डबा सादळतो. हवाबंद राहिला तर पंधरा-वीस दिवस चांगला टिकतो. पण पार्सलसाठी मी चिवडा सुचवत नाही, दोन वर्षांपूर्वी पुण्याला मावशीकडे पाठवला तो पोचला तेव्हा निम्म्या पोह्यांचा भुगा झालेला, मावशी काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं. आणि दुसरं म्हणजे दिवाळीत प्रत्येकाच्या घरी चिवडा असतोच, तेव्हा ज्यांच्याकडे करणारं कोणी नाही त्यांना द्या, हॉस्टेलवरची पोरं, एकटे राहणारे शेजारचे काका, त्यांना त्याचं खरंच मोल असते.

बाहेरगावच्यांसाठी माझं मत कँडीला. नागपूरहून काही आलं आणि त्यात संत्रा नाही असं कसं चालेल! बर्फी सगळ्यांना आवडते पण घरच्या खव्याची बर्फी फ्रिजमध्येच चार-पाच दिवस, प्रवासात तिचा भरवसा नाही, कँडी मात्र महिनाभर राहते. आपला संत्रा सैल सालीचा, साल पातळ, त्यामुळे काम पटकन होते. फळं कोमट पाण्यात मीठ लावून चोळून धुवा, सालीचे बोटभर लांब काप करा, पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, असं तीनदा. तिसऱ्यांदा एक काप चावून पाहा, कडूपणा जिभेच्या मागं थोडासाच राहिला पाहिजे, पूर्ण गेला तर संत्र्याची चवच जाते आणि नुसती साखर खाल्ल्यासारखं लागते. मग सालीच्या वजनाएवढी साखर, तिच्या निम्मं पाणी, मंद आचेवर शिजवत राहा. काप आरपार दिसायला लागले, उजेडात धरले की रंगीत काचेसारखे चमकले, की गॅस बंद. चाळणीवर एक-दोन दिवस सुकवून पिठीसाखरेत घोळवा. डझनभर संत्र्यांमध्ये चार लहान डब्या भरतात. एकच अडचण, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळी हंगामाचा, संत्रा ऑक्टोबरपासून यायला लागतो, दिवाळी लवकर असली तर माल हिरवट आणि आंबट असतो, नोव्हेंबरात असली तर छान पिवळा मिळतो. कँडीला हिरवट साल चालते, फक्त पाणी चौथ्यांदा बदला.

उटणं माझं सगळ्यात आवडतं, आणि मोठ्या माणसांना द्यायला याच्याएवढं चांगलं काही नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे ते वापरतातच, म्हणजे भेट कपाटात पडून राहत नाही. मुलतानी माती 200 ग्रॅम, वाळलेल्या संत्र्याच्या सालीची पूड 100, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा प्रत्येकी 50, वाळा 25, हे सगळं नागपूरच्या इतवारी बाजारात जडीबुटीवाल्याकडे एकाच जागी मिळते. मलमलच्या कपड्यातून दोनदा चाळा, घाई करू नका, एकदाच चाळलेलं अंगाला टोचते. चाळताना वाळ्याचा आणि सालीचा असा वास सुटतो की शेजारच्या काकू विचारायला येतात. दहा पुड्या होतात, कोरडं राहिलं तर सहा महिने काही होत नाही, पोस्टानं कुठंही जाते, फुटायची भीती नाही. फक्त नाजूक कातडीला साल चुणचुणते, तेव्हा लहान बाळासाठी बिनसालीचं वेगळं काढा.

मेणाच्या पणत्या दिसायला देखण्या, नागपूरच्या चितार ओळीतून मातीच्या पणत्या आणायच्या, मेण वितळवून वात लावून ओतायचं. पण पणती धुतली असेल तर पूर्ण वाळू द्या, ओलाव्यावर गरम मेण तडतडते. घरात लहान पोरं असतील तर हे सोडाच, आणि नागपूरच्या ऑक्टोबर हीटमध्ये पार्सलमधलं मेण मऊ पडते. ऑफिसच्या मैत्रिणींना हातोहात द्यायला मात्र चांगल्या.

क्रोशाचं तोरण पण वहिनीच्या डोक्यात होतं. एका तोरणाला माझे पंधरा दिवस जातात, ते एकाच माणसासाठी करावं, तेही उन्हाळ्यात सुरू करून.

तर वहिनीच्या यादीत अकरा घरं, तिला मी उटणं सगळ्यांना आणि सोबत बाहेरच्या चौघांना कँडी असं सांगितलं, चिवडा फक्त तिच्या भाच्याच्या हॉस्टेलवर. तिची अडचण वाळलेल्या सालींची, उटण्यासाठी आतापासून वाळवायच्या तर उशीर होतो. मी मृग बहाराची, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाची, साल फेब्रुवारी-मार्चमध्ये जमवते आणि मे महिन्याच्या आपल्या उन्हात गच्चीवर दोन दिवसांत कडकडीत करून बरणीत भरते. त्यातली अर्धी बरणी तिच्यासाठी काढून ठेवली आहे, रविवारी येऊन राहिली न्यायला.