आयसीएफचं घर: काम कोणाच्या हाती द्यावं?

आयसीएफ म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म: थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळया बांधायच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. साचा काढायचा नाही; तोच भिंतीचं उष्णतारोधक अस्तर होऊन राहतो. ऐकायला सोपं, म्हणून "त्यात काय, करून देऊ" म्हणणारे बरेच भेटतात. निवड मात्र तिघांतून करायची असते.

पहिला, नेहमीची घरं उत्तम बांधणारा पण आयसीएफला नवा ठेकेदार. जवळचा, पुढे दुरुस्तीला हाक मारली तर येणारा. ठोकळे बनवणाऱ्या अनेक कंपन्या प्रशिक्षण देतात, काही ओतकामाला आपला तंत्रज्ञही पाठवतात. त्याने ही मदत आपणहून मागितली तर विचार करावा. नको म्हणाला तर माझ्या मते विषय संपला.

दुसरा, फक्त आयसीएफच करणारा बिल्डर. त्याचं मोल ओतकामाच्या दिवशी कळतं. ओल्या काँक्रीटचा दाब उंचीबरोबर वाढतो, म्हणून जाणती टोळी भिंत एका दमात भरत नाही, साधारण 1.2 मीटरपर्यंतचे थर घराभोवती फिरत चढवते. भिंतीच्या माथ्यावर दोरी ताणलेली असते, एक जण तिच्यावर नजर ठेवून टेकूंचे स्क्रू फिरवत भिंत ओळंब्यात आणत राहतो. एखादा ठोकळा फुगलाच तर प्लायवूडचे तुकडे आधीच कापून ठेवलेले असतात. खिडकीच्या चौकटीखाली काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर पोचला का, याची तर खास काळजी घ्यावी लागते. साचा निघतच नाही, त्यामुळे तिथे राहिलेली पोकळी थर्माकोलमागे कायमची झाकली जाते. मात्र असे बिल्डर मोजकेच, त्यांच्या तारखांसाठी थांबावं लागतं.

तिसरा मार्ग मला बहुतेकांसाठी योग्य वाटतो: घर नेहमीच्या ठेकेदाराकडे आणि भिंतींपुरती आयसीएफची टोळी वेगळी. यात धोका दोघांच्या मधल्या जागेत असतो. विजेच्या तारांसाठी थर्माकोलमध्ये नंतर खाच पाडता येते, पण भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाइपांच्या स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठीच्या नळ्या, काँक्रीटआधीच बसायला हव्यात. एक विसरली तर पुढे कडक काँक्रीट कापत बसा. त्या कोण बसवणार आणि खिडक्यांची मापं कोण तपासणार, हे करारात नावानिशी लिहून घ्या.

कोणालाही निवडा, तयार घर पाहून ठरवू नका. गिलाव्यामागे काय आहे ते दिसत नाही. काम चालू असलेली साइट दाखवायला सांगा, जमल्यास ओतकामाच्याच दिवशी जा. भिंतीला लांब सरळ पट्टी लावून पाहा. मागे साचा कधी फुटला होता का आणि तेव्हा काय केलं, हेही विचारा. ज्याने खरंच भरपूर काम केलंय तो तपशिलात सांगतो. शेवटी एवढं नक्की करून घ्या: तिथे माथ्यावर उभी असलेली माणसंच तुमच्या घरावर येणार आहेत ना? मालकाने वीस घरं बांधली असतील, पण टोळी नवी असेल तर तो अनुभव तुमच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.