नाएगी-तोयामा संग्रहालय : लहान संस्थानाचा मोठा इतिहास

जपानच्या गिफू प्रांतातील नाकात्सुगावा येथील हे संग्रहालय जेमतेम दहा हजार कोकू (कोकू म्हणजे तांदळाचे जुने जपानी माप) उत्पन्नाच्या, म्हणजे दाइम्यो (सरंजामदार) म्हणवून घेण्यापुरत्याच ऐपतीच्या, नाएगी संस्थानाचा इतिहास आस्थेने मांडते. तोयामा तोमोमासाने १६०० मध्ये किल्ला परत जिंकला आणि त्याच्या घराण्याच्या बारा पिढ्यांनी १८७१ पर्यंत येथे कारभार केला. किल्ल्याच्या वास्तूंपैकी उरलेला एक दरवाजा येथे जवळून न्याहाळता येतो. मला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटली ती १८७० मधील बौद्धविरोधी मोहिमेची माहिती, कारण संस्थानाने आपल्याच मुलखातील देवळे मोडली, हे अप्रिय सत्य स्थानिक संग्रहालयाने लपवलेले नाही. पाहून झाल्यावर महाकाय खडकांवर रचलेला किल्ला जरूर चढावा. तेथून किसो नदीचे खोरे दिसते.