टोपिरामेट: वजन उतरलं, पण शब्दही गेले

ह्यांना बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी उदासी, आणि मन स्थिर ठेवणारं व्हॅल्प्रोएट वर्षानुवर्षं चालू आहे. त्याने वजन वाढतं, हात थरथरतात, केस गळतात हे अशा प्रत्येक घराला ठाऊक असतं. वजनासाठी डॉक्टरांनी टोपिरामेट जोडलं, मूळची मिरगीची गोळी. भूक कमी झाली, शर्ट सैल झाले, इंदूरच्या दवाबाजारात सवलतही मिळाली. पहिले काही आठवडे मी भेटेल त्याला ही गोळी सुचवत होते.

आता नाही सुचवणार. ह्यांची उभी हयात सियागंजच्या बाजारात किराण्याचे भाव तोंडी सांगण्यात गेली, आणि हे 'शहाजिरं' म्हणताना अडू लागले. "ते... काळं... बारीक..." गिऱ्हाईकच नाव पुरवायचं. घरी आल्यावर गप्प, मग चिडचिड, मग रडणं. सासूबाई म्हणाल्या, आजार उलटला. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट एकत्र असलं की रक्तात अमोनिया वाढून गुंगी, गोंधळ होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी ती तपासणी केली. ती ठीक आली. मग टोपिरामेट हळूहळू कमी केलं आणि शब्द परत आले. रडणंही थांबलं.

शब्द न सुचणं आणि उदास होणं हे ह्या गोळीचे माहीत असलेले परिणाम आहेत. मग आधी कोणी का सांगितलं नाही? माहितीचं पत्रक डब्यात असतं, आपल्या हातात येते कापलेली पट्टी. कधी त्यावर नावही अर्धंच असतं. ह्याचा मला आजही संताप आहे. अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने २००८ मध्ये टोपिरामेटसह मिरगीच्या ११ औषधांच्या चाचण्या तपासून आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा दिला: औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के, न घेणाऱ्यांत ०.२४. आकडा लहान आहे, पण घरच्यांनी लक्ष कशावर ठेवायचं ते त्यातून कळतं. घाबरून गोळी एकदम बंद मात्र करू नका, त्याने फिट येऊ शकते, आजारही उसळतो.

व्हॅल्प्रोएटबद्दल माझं मत बदललंय. वजनापायी मी त्याला बोल लावत होते, पण ह्या सगळ्या गोंधळात उन्माद आला नाही. वजन थोडं परत चढलंय. चढू दे.

आता उदासीसाठी लॅमोट्रिजिन सुरू झालंय, २५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड. व्हॅल्प्रोएटमुळे ते शरीरात जास्त टिकतं, म्हणून इतकी सावकाश चाल. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, हे ह्या वेळी मी आधीच विचारून घेतलं. आणि पट्टी अख्खीच मागते.