खरी कवटी, प्लॅस्टिकची कवटी की मोबाइल? डोक्याची ॲनाटॉमी शिकताना पैसे कशावर घालावेत

ॲनाटॉमीत हेड-नेकचा, म्हणजे डोकं-मानेचा, पार्ट सुरू व्हायचा आठवडा आला की माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, खऱ्या हाडांचा बोन सेट घेऊ, का प्लॅस्टिकचं मॉडेल, का ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन?" विचारणारं लेकरू कधी केजकडचं असतं, कधी किनवटचं. वडलांनी सोयाबीन विकून फी भरलेली असते, त्यामुळे प्रश्न हौसेचा नसतो, हिशेबाचा असतो. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या जोडीला मराठवाड्यात आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही कॉलेजं झालीत. जुन्या कॉलेजात सिनिअरची कवटी ज्युनिअरकडे उतरत येते. नव्या कॉलेजात सिनिअरच मोजके, कवटी उतरणार कुठून?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कवटी, मेंदू आणि क्रेनिअल नर्व्ह (मेंदूतून निघणारे मज्जातंतू) एकाच डोक्यातल्या असल्या तरी शिकायला ते तीन वेगळे विषय आहेत, आणि तिन्हींना एक साधन पुरत नाही. पोरं एकाच वस्तूवर सगळे पैसे घालतात आणि उरलेल्या दोन विषयांत गटांगळ्या खातात.

कवटी: खरी की प्लॅस्टिकची

कवटीत २२ हाडं. आठ मेंदूभोवतीची, चौदा चेहऱ्याची. हे पाठ करायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. पैसे लागतात ते नर्व्ह आणि रक्तवाहिन्या जिथून जातात त्या भोकांसाठी.

ॲनाटॉमी विभागातली एखादी झाकण कापलेली जुनी कवटी मागून घ्या. मोबाइलचा टॉर्च आतून तळाच्या पुढच्या खड्ड्यात धरा, खोलीतला दिवा बंद करा आणि समोरून डोळ्याच्या खोबणीत बघा. खोबणीचं छत तेल लागलेल्या कागदासारखं उजळतं. इतकं पातळ! बैलाचं शिंग किंवा तुराटीचं टोक डोळ्यात घुसलं तर ते थेट मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत का जाऊ शकतं, हे त्या उजेडात एका क्षणात कळतं. प्लॅस्टिकच्या कवटीत हाच प्रयोग करा, काही दिसणार नाही. सगळीकडे सारखीच जाडी.

दुसरी परीक्षा खराट्याच्या काडीची. प्लॅस्टिकचं मॉडेल घ्यायचंच असेल तर दुकानात जाताना खिशात एक काडी ठेवा. तळाच्या फोरामेन ओव्हल आणि स्पायनोसम या दोन भोकांमधून काडी आरपार गेली पाहिजे. स्वस्त मॉडेलमध्ये पुष्कळदा तिथं नुसता खळगा असतो. गेल्या वर्षी एक पोरगी नवं कोरं मॉडेल घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ओव्हल दिसायलंय, पण स्पायनोसम दिसंनाच." दिसणार कसं, कारखान्यात ते पाडलंच नव्हतं. रोटंडम हे त्यांच्याजवळचं भोक मात्र खालून शोधू नका. ते आतून पुढच्या दिशेनं जातं, खालून बघणाऱ्याला खऱ्या कवटीतही सापडत नाही, आणि दरवर्षी निम्मी बॅच ते खालीच शोधत बसते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या आर्टरीच्या वाटेतून, म्हणजे कॅरोटिड कॅनॉलमधून, सरळ काडी जाणार नाही, कारण ती वाट आत काटकोनात वळते. काडी अडली म्हणजे मॉडेल चांगलं, असं म्हणायची ही एकमेव जागा.

टेरिऑन या सांध्याचंही तेच. कानशिलाजवळ फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं इंग्रजी एच अक्षरासारखी भेटतात. प्लॅस्टिकवर तो एच पाटीवर काढल्यासारखा स्वच्छ असतो. खऱ्या कवटीवर तो शोधावा लागतो आणि दोन बाजूंचा सारखा असेलच असं नाही. मग कवटी उलटी करून त्याच जागी आतून बोट फिरवा. मिडल मेनिंजिअल आर्टरी या मेंदूच्या आवरणाच्या रक्तवाहिनीची खाच बोटाला लागते. कानशिलावर काठी बसलेला माणूस उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो, त्यामागं कित्येकदा या खाचेतली फुटलेली आर्टरी असते.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग खरीच घेतो. थांबा. एके काळी भारतातून जगभर सांगाडे जायचे, १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. आपल्या राज्यात कॉलेजला देह मिळतात ते देहदानातून आणि १९४९च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली. म्हणून "ओळखीतून आणून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. विभागाच्या बोन लायब्ररीतून सही करून कवटी मिळत असेल तर तीच घ्या. सिनिअरकडून घेणार असाल तर विभागाला विचारून. आणि दोन्ही हातांनी धरा, डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका.

मी फर्स्ट इयरला असताना दिवाळीला एसटीनं गावी जाताना बॅगेत कवटी नेली होती. आजीला कळलं तेव्हा ती दारातच उभी राहिली. "ते गोठ्यात ठेव, अंघोळ कर, मग घरात ये." दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेलो तर पिशवीशेजारी पणती. विचारलं तर म्हणाली, "कुणाचं तरी लेकरू असंल की रे ते." तेव्हापासून कवटी घरी नेली नाही. प्लॅस्टिकची नेता येते, हा तिचा मोठा गुण आहे आणि तो कोणत्याही कॅटलॉगात लिहिलेला नसतो.

थोडक्यात, खोलीतल्या चौघांनी मिळून एक काडी-पास प्लॅस्टिकची कवटी रात्रीसाठी घ्यावी, आणि दिवसा विभागातल्या खऱ्या कवटीवर रोज अर्धा तास बसावं. एकट्यानं विकत घ्यायची ही वस्तू नाही.

मेंदू: डी-हॉल, मुंडी की ॲप

प्लॅस्टिकचा, लोहचुंबकानं जोडलेला आठ तुकड्यांचा मेंदू घेऊ नका. याच्यापुढं मी त्यावर काही लिहीत नाही.

डी-हॉलमधला, म्हणजे डिसेक्शन हॉलमधला, मेंदू फॉर्मॅलिननं घट्ट झालेला असतो, दाबला तर पनीरसारखा. जिवंत माणसाचा मेंदू खरवसासारखा मऊ. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर पुढं सर्जरीत धक्का बसतो. आणखी एक धक्का रंगाचा. ॲटलासात नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल, व्हेन निळी. टेबलावर तिघी एकाच मळकट रंगाच्या, आणि वरून ॲरॅक्नॉइड या आवरणाचा पापुद्रा. म्हणून ॲटलास घ्या, पण तो टेबलाशेजारी उघडा ठेवायला. पलंगावर पडून चाळायला नव्हे.

एका मेंदूभोवती खूप पोरं असतील, तर मागच्या रांगेतल्याला मेंदू कमी आणि पुढच्याची ॲप्रनच जास्त दिसते. अशांना मी खाटकाकडे पाठवतो. बोकडाच्या मुंडीतला भेजा "अख्खा काढून द्या" म्हणून सांगायचं. फॉर्मॅलिन हॉस्टेलवर आणायचं नाही, ते विषारी आहे. हळद-मिठाच्या पाण्यात एक उकळी दिली की भेजा कापण्याइतका घट्ट होतो. ही युक्ती मला एका विद्यार्थ्याच्या आईनं सांगितली, आमच्या विभागानं नव्हे. उलटा केला की ऑप्टिक कायॅझमा, म्हणजे डोळ्यांच्या नर्व्ह एकमेकींना ओलांडतात ती जागा, फुलीसारखा दिसतो, मधोमध कापला की कॉर्पस कॅलोसम आणि थॅलॅमस हे आतले भाग. पण फसू नका. बोकडाचे वासाचे बल्ब त्याच्या मेंदूच्या मानानं कितीतरी मोठे असतात, आणि त्याचा सेरेबेलम (लहान मेंदू) सेरेब्रमच्या (मोठ्या मेंदूच्या) खाली नसून मागं असतो, कारण ते जनावर चार पायांवर चालतं. आपला मेंदू ब्रेनस्टेमपाशी, म्हणजे मेंदूच्या देठापाशी, वाकलाय, त्याचा नाही. माळकरी घरातल्या पोरांना हे जमणार नाही, त्यांनी डी-हॉलच्या अटेंडंटशी दोस्ती करावी. सकाळी आठच्या आधी टेबल रिकामं असतं.

ॲप कुठं जिंकतं? आतल्या पोकळीत. लॅटरल व्हेंट्रिकल, त्याला बिलगून वळलेला कॉडेट न्यूक्लिअस, फॉर्निक्स या गोष्टी ना कापलेल्या मेंदूत पूर्ण दिसतात, ना पुस्तकात. पडद्यावर बाकीचं सगळं पुसून फक्त तेवढंच फिरवता येतं, आणि शिंगासारखा तो आकार एकदा फिरवून बघितला की विसरत नाही. तेवढ्यासाठी चाचणीचे मोफत दिवस पुरतात, ते नेमके न्यूरोअॅनाटॉमीच्या आठवड्यात सुरू करा. वर्षाचे पैसे भरू नका. ॲपची खोड अशी की ते नाव नेहमी शेजारी दाखवतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, आणि स्पॉटिंगच्या परीक्षेत (टाचणी टोचलेला भाग ओळखायचा असतो) समोर नाव नसतं, नुसती टाचणी असते. खरे काप बघायचे असतील तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९९४मध्ये एका पुरुषदेहाचे एक-एक मिलिमीटरचे काप चित्रबद्ध केले आहेत. पुढं एमआरआय वाचताना तेच कामी येतात.

नर्व्ह: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात अवघड

बारा जोड्या. इथं कवटीही पुरत नाही आणि मेंदूही, कारण मेंदू बाहेर काढताना नर्व्ह तुटतात. कवटीत भोक उरतं, मेंदूवर बुडखा, मधली वाट नाहीशी. चौथी, ट्रॉक्लिअर, तर दोऱ्याइतकी बारीक आणि ब्रेनस्टेमच्या मागून निघणारी एकटीच. ती कुठल्या टेबलावर धड राहिलेली मला क्वचित दिसलीय.

म्हणून चार्ट पेपर आणि रंगीत दोरे. कवटीच्या तळाचे तीन खड्डे पायऱ्यांसारखे काढा, भोकं पाडा, दोरे ओवा. सुपीरिअर ऑर्बिटल फिशरमधून तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली फांदी. रोटंडममधून पाचवीची दुसरी, ओव्हलमधून पाचवीचीच तिसरी फांदी. कानाच्या आतल्या भोकात सातवी-आठवी. जुग्युलर फोरामेनमधून नववी, दहावी, अकरावी. बारावीला तिची स्वतंत्र वाट. एकदा स्वतः ओवलं की व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बोटं आपोआप हलतात.

मग दुसरं साधन, तेही फुकट: रूममेटचं तोंड. दात आवळायला लावा, ही पाचवी. डोळे घट्ट मिटायला, मग उघडून कपाळाला आठ्या घालायला लावा, ही सातवी. जीभ बाहेर काढायला लावा, ही बारावी. ही नर्व्ह एका बाजूला लुळी पडली तर जीभ आजारी बाजूला वळते, आणि दहावी गेली तर पडजीभ उलट चांगल्या बाजूला. गावाकडं "तोंड वाकडं झालं" म्हणून कुणी आलं की आधी कपाळ बघा. त्या बाजूला आठ्या पडत असतील तर भानगड बहुधा मेंदूत आहे, पडत नसतील तर सातवी नर्व्हच धरली गेलीय. एवढ्या एका आठीवर पेशंटला कुठं पाठवायचं ते ठरतं.

बीएएमएसवाल्यांना रचना शारीरला, म्हणजे त्यांच्या ॲनाटॉमीला, हेच सगळं लागतं. सुश्रुतानं शारीरस्थानात देह वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून थराथरानं घासून बघायला सांगितलंय, तेव्हा त्यांनी नुसत्या गाइडवर विसंबण्याचं कारण नाही. फिजिओथेरपीवाल्यांनी दोरे आणि रूममेट यांवर जास्त वेळ घालावा, कवटीवर कमी. नर्सिंगच्या मुलींनी कवटी, मॉडेल, ॲप यांतलं काहीही घेऊ नये. रात्रपाळीत त्यांच्या कामाची नर्व्ह तिसरी. डोक्याला मार लागलेल्या बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यांवर दर थोड्या वेळानं उजेड पाडायचा. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला हलेना, तर डॉक्टरांना त्याच क्षणी उठवायचं. त्यासाठी एक चांगला पेन-टॉर्च घ्या, आणि जादा सेल.