छोटी मॅग्नेटिक लेन्स: आठ महिने वापरल्यावर

आमच्या अल्ट्राफास्ट इलेक्ट्रॉन सेटअपला (इलेक्ट्रॉनच्या आखूड झोतांनी अणूंची हालचाल बघायचं यंत्र) छोटी मॅग्नेटिक लेन्स, म्हणजे चुंबकाने इलेक्ट्रॉन एका ठिपक्यावर गोळा करणारी, बसवून आठ महिने झाले. जर्मनीत पीएचडी करतोय, लेन्स इथल्या वर्कशॉपनेच बनवली, मुठीत मावेल एवढी, आत तांब्याची कॉइल अन् भोवती मऊ लोखंडाचं कवच.

आधीची लेन्स मोठी, त्यामुळे गनपासून (जिथून इलेक्ट्रॉन सुटतात) सॅम्पलपर्यंत पल्ला लांब. यूव्ही लेसर सोन्याच्या पातळ थरावर पडला की इलेक्ट्रॉन एकगठ्ठा निघतात, पण एकमेकांना ढकलत वाटेत पांगतात, १०० केव्हीला (किलोव्होल्ट) प्रकाशाच्या ५५ टक्के वेगाने पळत असले तरी. गठ्ठा लांबला की अणूंची पिकोसेकंदाच्या (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आतली हालचाल पुसट होते. आता सॅम्पल खूप जवळ आलंय आणि पल्स, म्हणजे हा गठ्ठा, आखूड राहतो, पैसे वसूल इथेच झाले.

आता डोकेदुखी. व्हॅक्यूममध्ये हवा नाही, कॉइल गार व्हायची कशी? तांब्याची पट्टी लावून उष्णता बाहेर काढलीये तरी सकाळी करंट चालू केल्यावर दोन तास स्क्रीनवरचा ठिपका सरकतच राहतो. शिवाय फोकस करंटच्या वर्गावर चालतो, म्हणजे करंट १ टक्का हलला की फोकस २ टक्के, सप्लाय स्वस्तातला घेऊ नका.

आणि लोखंड मागचं चुंबकत्व विसरत नाही! एकदा कुणीतरी करंट वर नेऊन परत त्याच आकड्यावर आणला, आकडा तोच पण फोकस वेगळा, मी तीन दिवस लेसरला शिव्या घालत बसलो. आता नियमच केलाय, आधी फुल करंट, मग शून्य, मग खालून वर चढत हव्या त्या आकड्यावर थांबायचं, पुढे गेलात तर परत पहिल्यापासून.

बसवताना करंट थोडा वरखाली करून बघा. ठिपका जागच्या जागी फुगला-आकसला तर ठीक, बाजूला पळाला तर लेन्स मधोमध नाही. हे नुसतं चित्र बिघडवत नाही, डावी-उजवीकडून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट कमीजास्त होते अन् वेळेतही फरक पडतो. आमचे स्क्रू फिरवण्यात अख्खा आठवडा गेला.

डिफ्रॅक्शनसाठी (अणूंच्या रांगांवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनची नक्षी) मस्त, ग्राफाइटचे सहा ठिपके टाचणीच्या टोकासारखे येतात. पण अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात नोबेलविजेत्या अहमद झेवेलांच्या ग्रुपने अख्ख्या मायक्रोस्कोपला लेसर जोडून काढले तसे फोटो एकट्या लेन्सकडून मागू नका.

आता निओडिमियमच्या रिंगची लेन्स करून बघतोय, कॉइल नाही, गरम व्हायचा प्रश्न नाही, फक्त फोकससाठी लेन्सच पुढेमागे सरकवायची. जमलं तर सकाळचे दोन तास वाचतील.