मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे संशोधन: उंदीर निवडावा की डुक्कर?

ई. कोलाय (मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांमागचा जंतू) मूत्राशयाच्या अस्तराला कसा चिकटतो आणि पेशींत कसा शिरतो, हा तुमचा प्रश्न असेल, तर उंदराला आजही तोड नाही. अस्तराच्या पेशींमध्ये दाटीने वाढणारे जंतूंचे समूह २००३ साली प्रथम उंदरातच दिसले आणि पुढे मूत्राशयदाह झालेल्या स्त्रियांच्या लघवीतही त्यांच्या खुणा सापडल्या. ठरावीक जनुके बंद केलेले वाण (एकसारख्या वंशाचे गट) ही उंदरातच सहज मिळतात.

मात्र 'उंदीर' एवढे ठरवून भागत नाही, कारण खरा निर्णय वाणाचा असतो आणि नेमकी तिथेच घाई होते. सी५७बीएल/६ वाणाची मादी बहुधा संसर्ग आटोक्यात आणते. सी३एच/एचईएन वाणात काही माद्यांचा दाह दीर्घकाळ रेंगाळतो, म्हणून जुनाट किंवा वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी तो उपयोगी पडतो. परंतु सी३एच गटात लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे उलटी चढण्याची प्रवृत्ती असते. त्यामुळे मूत्रपिंडात मिळालेले जंतू स्वबळावर वर गेले की लघवीबरोबर ढकलले गेले, हे सांगणे अवघड होते. सी३एच/एचईजे वाणात तर टीएलआर-४ हा जंतूंची चाहूल घेणारा पेशीवरील ग्राहीच सदोष असतो, त्यामुळे त्याच्या क्षीण प्रतिसादाला सर्वसामान्य प्रतिसाद मानता येत नाही. कोणताही वाण घेतला, तरी जंतू मिसळलेला साधारण ५० मायक्रोलिटर द्रव मूत्राशयात सावकाश सोडावा, कारण जोर लावल्यास तो थेट मूत्रपिंडात पोहोचतो. नरांत कॅथेटर घालणे कठीण असल्याने बहुतेक अभ्यास माद्यांवरच झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष पुरुषांना सरसकट लावणे मला योग्य वाटत नाही.

डुकराचे मूत्राशय आकाराने आणि रचनेने माणसाच्या जवळचे असते. माणसांसाठीची दुर्बीण व कॅथेटर त्यात वापरता येतात आणि एकाच प्राण्याचे नमुने पुन्हा पुन्हा घेता येतात. उंदराची लघवी माणसापेक्षा कितीतरी तीव्र असते, त्यामुळे जंतूंची लघवीतील वाढ किंवा मूत्राशयात सोडायचे औषध तपासताना डुक्कर अधिक विश्वासार्ह ठरते. उलट बाजूस खर्च आणि जागा मोठी लागते, प्राण्यांची संख्या मर्यादित राहते आणि डुकरिणींना मूत्राशयदाह आपोआपही होत असल्याने आधीची तपासणी अनिवार्य असते. भारतात मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव संस्थेच्या नैतिकता समितीनंतर केंद्रीय समितीकडेही जातो, तो वेळ नियोजनात धरावा.

पहिला प्रकल्प असेल, तर मी सी५७बीएल/६ मादीपासून सुरुवात करेन, आणि कॅथेटर किंवा औषधाचा प्रश्न उंदरात सुटत नाही हे दिसल्यावरच डुकराकडे वळेन.